राग, राग, कुत्रा

पकोक्कू गावच्या विपश्यना केंद्राच्या फाटकातून आत शिरताना दॉ ओन चिची, म्हणजे ओन चिबाईची, पक्की खात्री होती की आपल्यात अहंकार म्हणून फारसा नाहीच. आईचे दाट केस आणि घराण्यातला सगळा अहंकार धाकट्या बहिणीच्या, म्या सेइनच्या वाट्याला गेला, असं ती लुंग्यांच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवत असे. त्यामुळे फाटकावरच्या साध्वीने, सयाले खेमासरीने, "कशासाठी आलात?" असं विचारलं तेव्हा "अहंकार विरघळवायला" हे उत्तर तिने दुसऱ्याच्या घरचा निरोप सांगावा तसं सांगून टाकलं.

खरं कारण वेगळं होतं. दॉ ओन चि आली होती एका कुत्र्यासाठी.

हा कुत्रा म्हणजे तिची आई होती. निदान तसा तिला दाट संशय होता, आणि बाजारातल्या निम्म्या बायकांना तर खात्रीच होती.

झालं होतं असं. गेल्या थंडीत तिची म्हातारी आई, दॉ प्वा शिन, अंथरुणाला खिळली. शेवटच्या घटकेला माणसाच्या मनात जे येईल त्यावर पुढचा जन्म ठरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून जाणाऱ्या माणसाच्या कानाशी बसून त्याला त्याच्या पुण्याची आठवण करून द्यायची, म्हणजे मन प्रसन्न होऊन ते चांगल्या जागी जातं. दोघी लेकी आईच्या खाटेच्या दोन बाजूंना बसल्या. थोरलीने उजव्या कानात सांगितलं, "आई, तू भिक्खूंना चीवरं दान दिलीस, ते आठव." हे दान थोरलीच्या दुकानातून गेलं होतं. धाकटीने डाव्या कानात सांगितलं, "आई, तू चिंचेखाली पाणपोई बांधलीस, ती आठव." पाणपोई धाकटीच्या नवऱ्याने बांधून दिली होती. मग थोरली जरा मोठ्याने म्हणाली, "आई, चीवरं!" धाकटी त्याहून मोठ्याने म्हणाली, "आई, पाणपोई!" बघता बघता चीवर आणि पाणपोई खाटेवरून एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागली, आणि मग गोष्ट आईच्या जुन्या रेशमी लुंग्या कोणी घेतल्या इथपर्यंत गेली. दोघींनी दम खायला म्हणून खाली पाहिलं, तर आई गेलेली होती.

कधी गेली, ते दोघींनाही कळलं नाही.

"तुझ्या पाणपोईने आईची गती बिघडवली," थोरली म्हणाली.

"तुझ्या चीवरांनी!" धाकटी म्हणाली, आणि तेव्हापासून दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं.

सातव्या दिवशी भिक्खूंचं जेवण होतं. जेवणाच्या वेळी एक पिवळट, लंगडा कुत्रा अंगणात आला. लंगडत होता तो डाव्या पायाने, आणि दॉ प्वा शिनचाही डावाच पाय अधू होता. त्याने भात हुंगून सोडून दिला, मासा हुंगून सोडून दिला, आणि चहाच्या आंबवलेल्या पानांचं लपे मात्र ताटली चकचकीत होईपर्यंत चाटलं. आईचा जीव लपेवर होता. धाकटीच्या नवऱ्याकडे बघून तो गुरगुरला, तेव्हा तर दॉ ओन चिच्या अंगावर काटाच आला. तेवढ्यात आतून दोघी बहिणींचा आवाज चढला, म्हणजे दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, तिसऱ्याच बाईशी बोलत एकमेकींना ऐकवत होत्या. कुत्र्याने कान पाडले, उठला, आणि भिक्खूंच्या मागोमाग लंगडत केंद्राकडे चालता झाला. परत काही आला नाही.

आता आईची क्षमा मागायची तर आमच्याकडे रीत ठरलेली आहे. वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात गुडघे टेकायचे, हात जोडायचे, तीनदा कपाळ जमिनीला लावायचं, आणि काया-वाचा-मने जे काही चुकलं असेल ते पदरात घ्या म्हणायचं. माणूस मेल्यावर हे कसं करायचं? आणि आई कुत्रा झाली असेल तर मात्र जमतं. दॉ ओन चिने दुकान भाचीवर सोपवलं आणि तपकिरी लुंगी, पांढरा झगा, तपकिरी ओढणी घेऊन ती ध्यानाला निघाली.

पहिल्याच सकाळी ध्यानाच्या सभागृहात तिने डोळे किलकिले करून आजूबाजूला पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या ओळीत, तपकिरी ओढणीत, दाट केसांचा एक ओळखीचा अंबाडा बसला होता.

आता केंद्राचे नियम असे. बोलायचं नाही. कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. चालायचं ते इतकं सावकाश, की पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकलं, याची मनात वेगळी वेगळी नोंद झाली पाहिजे. आणि मनात जे काही उठेल त्याला नाव द्यायचं. खाज सुटली तर 'खाज, खाज'. भूक लागली तर 'भूक, भूक'. नाव दिलं की ते विरतं, आणि असं एकेक विरत गेलं की शेवटी 'मी' म्हणून जे काही बसलेलं असतं, त्याच्या खालचं आसनच निघून जातं. सयाडो, म्हणजे केंद्राचे मुख्य भिक्खू, हे सगळं अशा निर्विकार आवाजात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं नदीला पाणी किती आहे ते सांगताहेत. त्यांना बारा महिने सर्दी असे.

दॉ ओन चिने प्रामाणिकपणे सुरुवात केली. अंबाडा दिसला की 'राग, राग'. मग पुन्हा 'राग, राग'. राग विरत नव्हता, उलट नाव मिळाल्यामुळे त्याला बरंच वाटत होतं. तेवढ्यात दारातून कुत्रा आत डोकावला. 'कुत्रा, कुत्रा,' तिने नोंद घेतली, आणि अंबाड्याचे खांदे हलले तेव्हा तिला कळलं की धाकटीसुद्धा कुत्र्यासाठीच आली आहे.

म्हणजे तीही क्षमा मागणार! आणि आपल्याआधी मागितली तर? मग ती सुटली, आणि आईच्या डोक्यातला सगळा राग उरला तो थोरलीच्या खाती. दॉ ओन चिची झोप उडाली.

कुत्र्यापर्यंत पोचणं मात्र सोपं नव्हतं. जेवणाच्या वेळी ती लपेचा गोळा ओढणीत दडवायची, आणि चालण्याच्या ध्यानात पाऊल उचल, पुढे ने, टेकव, असं करत विहिरीपाशी झोपलेल्या कुत्र्याकडे निघायची. अर्ध्या वाटेवर पोचेपर्यंत घंटा व्हायची. पलीकडच्या बाजूने धाकटी तसंच करत असायची. तिचीही घंटा व्हायची. कुत्रा जाडजूड होत होता तो बाकीच्या साधिकांमुळे, कारण त्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं आणि त्या जाता जाता त्याच्यापुढे मासा टाकत होत्या.

अशाच एका सकाळी कुत्र्याने भिंतीशी पाय वर केला आणि दॉ ओन चि जागच्या जागी थबकली. नर! ही गोष्ट तिने आजवर बघितलीच नव्हती. पण मग तिला आठवलं, की आई उभा जन्म फयाच्या, म्हणजे बुद्धमूर्तीच्या, पायाशी फुलं वाहून एकच मागणं मागत आली होती: पुढच्या जन्मी मला पुरुष कर. आईची इच्छा निम्मी पुरी झाली होती. निम्मी कोणी बिघडवली, हे सांगायला नकोच.

बोलायची मुभा एकाच जागी होती. एक दिवसाआड पाच-सहा साधिकांनी सयाडोंसमोर बसायचं आणि आपण काय पाहिलं ते सांगायचं. फक्त पाहिलेलं. दोघी बहिणी नेमक्या एकाच गटात आल्या.

"भंते," दॉ ओन चि हात जोडून म्हणाली, "बसले असताना समोर एक फुगीर आकार दिसला. त्याच्याकडे पाहून राग उठला. 'राग, राग' अशी नोंद घेतली. राग गेला, आकार गेला नाही."

सयाडोंनी नाक पुसलं. "बरं. पुढे?"

म्या सेइन हात जोडून म्हणाली, "भंते, मागून सारखं सुस्कारल्यासारखं ऐकू येत होतं. म्हशीने पाण्यात बसताना करावं तसं. 'ऐकू येतंय, ऐकू येतंय' अशी नोंद घेतली. मग म्हशीबद्दल करुणा उठली."

"करुणेची नोंद घेतली?"

"घेतली, भंते. लगेच गेली."

बाकीच्या साधिकांनी खाली मान घालून ओढणीत तोंडं खुपसली. खेमासरीने खाकरून सगळ्यांना भानावर आणलं. पुढच्या वेळी थोरलीला ध्यानात 'नाक वर करून बसलेली एक वस्तू' दिसली. धाकटीला 'जुन्या कापडाचा कुबट वास' आला. असं ते तोंडाचे पट्टे साधनेच्या भाषेत चालू राहिले, आणि सयाडो एकच गोष्ट सांगत राहिले: "पाहत राहा."

आता पाहत राहा म्हटलं की कधीतरी दिसतंच, ही या साधनेची मोठी गैरसोय आहे. एका दुपारी दॉ ओन चि 'राग, राग' म्हणत अंबाड्याकडे पाहत होती. सवयीने रागाच्या खाली काय आहे ते बघायला तिने मन लावलं, आणि तिला तिथे राग नसून भीती सापडली. साधी भीती. आई माझ्यामुळे कुत्रा झाली असली तर? चीवरांची आठवण मी आईसाठी नाही, धाकटीला ऐकवायला म्हणून काढली होती. 'भीती' असं नाव द्यायला तिचं मन धजेना. ती तशीच घामाने भिजून बसून राहिली, आणि घंटा झाली तरी उठली नाही.

दुसऱ्या सकाळी चालण्याच्या ध्यानात योग जुळून आला. कुत्रा वाटेच्या अगदी मधोमध ऐसपैस पसरला होता. एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी, दोघींच्या ओढणीत लपे. दोघींनी एकदमच पाऊल उचललं.

घाई करणाऱ्याला केंद्रातून घरी पाठवत. त्यामुळे ती शर्यत जशी झाली तशी पकोक्कूत कोणी पाहिली नसेल. थोरली पाऊल उचले, पुढे नेई, टेकवी. मात्र पुढे नेताना ते पाऊल जरा लांबच नेई. धाकटीने ते ओळखलं आणि तीही ढांगा टाकायला लागली, सावकाश, बगळ्यासारखी. आंब्याखालच्या साधिका खाली मान घालून तिरक्या डोळ्यांनी पाहत होत्या. दोघी कुत्र्यापाशी पोचल्या त्या एकाच क्षणी. दोघींनी गुडघे टेकले, हात जोडले, कपाळ खाली नेलं, आणि कुत्र्याच्या बरोबर वर दोघींची डोकी एकमेकींवर नारळासारखी आपटली.

"आई गं!" दोघी ओरडल्या.

कुत्रा दचकून उठला, दोघींच्या ओढणीतून सांडलेलं लपे त्याने हुंगलं, तोंड फिरवलं आणि स्वयंपाकघराकडे माशाच्या वासावर निघून गेला.

"सयाले," आंब्याखालून एक साधिका हळूच म्हणाली, "यांची नोंद कशी घ्यायची?"

खेमासरीने दोघींना मनगटाला धरून सयाडोंसमोर नेऊन बसवलं.

"कुत्र्याला नमस्कार केलात म्हणे," सयाडो म्हणाले. "कुत्रा काय म्हणाला?"

मग दॉ ओन चिने सगळं सांगितलं. खाट, चीवरं, पाणपोई, सातवा दिवस, लंगडा पाय. सांगता सांगता ती थांबली. कालपासून दाबून ठेवलेली ती भीती वर आली, आणि तिला वाटलं, आता तरी मोकळं व्हावं.

"भंते," ती म्हणाली, "आवाज आधी माझा चढला होता. आई गेली ती माझ्या आवाजाने. हिचा दोष नाही."

हे बोलल्याबरोबर तिला असं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. आपण किती मोठं मन दाखवलं, हेही जाताजाता तिच्या लक्षात आलं.

"खोटं!" म्या सेइन ताडकन म्हणाली. "आवाज माझा चढला. भंते, हिचा आवाज बारीक आहे, घशातच राहतो. आईला ऐकू जाणारा आवाज होता तो माझा."

"अगं, मी सांगतेय ना, माझा होता!"

"का म्हणून तुझा? लहानपणापासून सगळं आपल्याकडे ओढायची सवय आहे तुला. आईच्या रेशमी लुंग्या घेतल्यास, बांगड्या घेतल्यास. आता पापसुद्धा तूच घेणार? ते तरी राहू दे माझ्याकडे!"

"आलीस का लुंग्यांवर!"

"भंते, बघा, बघा हिचा आवाज! आता चढला, तेव्हा नव्हता चढला!"

सयाडोंना मोठी शिंक आली. त्यांनी सावकाश नाक पुसलं, उपरणं घडी करून मांडीवर ठेवलं.

"इतके दिवस मी ऐकतोय," ते म्हणाले. "माझी चीवरं, हिची पाणपोई. माझा आवाज, हिचा आवाज. माझं पाप, हिचं पाप. त्या खाटेवर मेलं कोण, ते काही मला अजून कळलेलं नाही."

"आमची आई, भंते!"

"ती काय करत होती?"

"ऐकत होती, भंते," थोरली म्हणाली. "आमचं भांडण. दुसरं काय करणार?"

"असं तुम्हाला कोणी सांगितलं?" सयाडोंनी विचारलं. "बाई ऐंशी वर्षं जगली. मरताना तिच्या मनात तुम्ही दोघीच होतात, हे कशावरून?"

त्यांनी हात हलवला, म्हणजे आता जा.

दोघी बाहेर आल्या त्या फणफणत, नेहमीच्या माणसांच्या वेगाने. मौन, पाऊल, टेकवणं, सगळं धाब्यावर बसलं होतं.

"सयाडो असले म्हणून काय झालं!" थोरली म्हणाली. "ज्यांनी आईला धड पाहिलं नाही, त्यांनी काय म्हणून बोलावं?"

"नाहीतर काय! आईच्या मनात आपण नव्हतो म्हणे. मग कोण होतं?"

"आपल्यासाठी जन्मभर खपली ती!"

"तुला आठवतं, अमा, तुझ्या गोवराच्या वेळी ती किती दिवस अन्नाला शिवली नव्हती?"

"आणि तू नदीत घसरलीस तेव्हा! लुंगीसकट उडी मारली होती बाईने."

थोरल्या बहिणीला अमा म्हणतात. ते धाकटीच्या तोंडून सहज निघून गेलं आणि रागाच्या भरात कोणाच्या ध्यानातही आलं नाही. दोघी विहिरीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी बसल्या. बराच वेळ सयाडोंना नावं ठेवून झाली. स्वयंपाकघरातून कुत्रा बाहेर आला, त्यांच्या समोरून लंगडत गेला, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला दोघींना सवड नव्हती.

मग रागाचा जोर ओसरला, आणि म्या सेइन हळूच म्हणाली, "डोळे तू मिटवलेस ना तिचे?"

"मीच मिटवले."

"माझ्याकडे वळलेले होते का गं? की तुझ्याकडे?"

दॉ ओन चि आठवू लागली. ती खाट, ते तपकिरी पांघरूण, पापण्यांवर ठेवलेली आपली बोटं. इतक्या महिन्यांत तिने त्या सकाळच्या एकेका शब्दाची उजळणी केली होती, पण हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे नव्हते. तुझ्याकडेही नव्हते. पायथ्याच्या खिडकीकडे होते. मान उंचावून बघत होती, असं होतं तोंड."

"खिडकीत काय होतं?"

दॉ ओन चिने डोळे मिटले. सकाळची वेळ होती. शेजाऱ्यांच्या गच्चीवर कोणी काही वाळत घातलं असेल. फेरीवाली गेली असेल. नदीवर नाव असेल. खिडकीची चौकट तिला लख्ख दिसत होती, आत मात्र काहीच नव्हतं.

"तू सांग," ती म्हणाली. "तुझ्या बाजूने खिडकी सरळ दिसते."

"मी तुझ्याकडे बघत होते," म्या सेइन म्हणाली.

"मी पण."

दॉ ओन चिला रडू आलं, आणि हे रडू आईसाठी आहे, आपल्यासाठी नाही, हे तिला रडतानाच कळलं. आई गेल्यापासून तिच्यासाठी ती आज पहिल्यांदा रडत होती. म्या सेइनने स्वतःच्या ओढणीचं टोक तिच्यापुढे केलं. त्याला लपेचा वास येत होता.

"काहीतरी चांगलंच असेल," म्या सेइन म्हणाली. "उगीच मान उंचावणारी बाई नव्हती ती."

"नव्हतीच," थोरली म्हणाली, आणि तिने त्या टोकाला नाक पुसलं.